शेवटची दोन अक्षरे

सर,

आपल्या तसबिरीखाली पितळी पाटी बसवून आज तीन आठवडे झाले. शाळेला अकरावी-बारावीचे वर्ग जोडले गेले आणि आपण हेडमास्तरांचे प्रिन्सिपल झालात, तेव्हा आपल्या खोलीवरची लाकडी पाटी मी रंगवली होती. मेल्यावर माणसाला विसर पडत असेल, म्हणून आठवण देतो. मी शाळेचा शिपाई, शिक्षण चौथी. इंग्रजी मला वाचता येत नव्हते, परंतु अक्षर चित्रासारखे हुबेहूब काढता येत असे. आपण 'प्रिन्सिपल' हा इंग्रजी शब्द चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलात आणि म्हणालात, "यात काडीचाही फरक होता कामा नये." फरक झाला नाही.

सव्वीस जानेवारीची ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. सांगलीहून आलेले पाहुणे, निवृत्त कर्नल, पाटीपुढे थांबतात, मिशीत हसतात आणि विचारतात, "या खोलीत प्रिन्सिपल बसतात की तत्त्व?" सगळे शिक्षक आपल्याकडे पाहतात. आपण माझ्याकडे बोट करता. "चौथी पास माणसाच्या हाती ब्रश दिला की असंच व्हायचं!" चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. चारचौघांत आपला पाणउतारा नको, म्हणून पाहुणे गेल्यावर मी ती आपल्या टेबलावर ठेवली. एरवी शुद्ध बोलणारे आपण. त्या वेळी मात्र गावच्या बोलीवर आलात. "ठेव ती खिशात. नोकरी करायची हाय न्हवं तुला?"

तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत मी 'तत्त्वराव' झालो. "आवं तत्त्वराव, च्या आणा की!" "तत्त्वराव, घंटा द्या, निदान तत्त्व म्हणून तरी द्या!" माझ्या निरोपसमारंभातही कोणी तरी तेच म्हणाले, आणि पाहुणे म्हणून आलेले आपण सर्वांत मोठ्याने हसलात.

मी साताऱ्याच्या स्टँडसमोरून इंग्रजी-मराठी कोश विकत आणला आणि मुळाक्षरांपासून शिकलो. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. भेद काय तो शेवटच्या दोन अक्षरांत. ए-एल आले तर तो मुख्य माणूस. एल-ई आले तर तत्त्व. आणि हा दुसरा शब्द कोणत्याही माणसाला लावता येत नाही. मला तो नोकरी संपेपर्यंत लावला गेला. आपल्यापाशी पहिला शब्द होता, सर. दुसरा आपल्यापाशी कधीच नव्हता.

यंदा शाळेने आपली तसबीर लावायचे ठरवले. हेडक्लार्क घरी आले. "काका, तुमी सरांच्या लय जवळचे. पाटीचं तेवढं तुमीच बघा." मी रहिमतपूरहून पहिल्या एसटीने साताऱ्याला गेलो आणि पितळेवर अक्षरे कोरणाऱ्यापुढे आपली चिठ्ठी ठेवली. "हे सरांच्या हातचे आहे. यात काडीचाही फरक होता कामा नये." फरक झाला नाही. त्याने शब्द उतरवून घेताच चिठ्ठी मी परत खिशात घातली होती. तयार पाटी हल्लीच्या शिपाईबाई जाऊन घेऊन आल्या. समारंभात तसबिरीवरचा पडदा दूर झाला, टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत बसून मी आपल्या नावाखाली आपलीच चूक वाचली, पुन्हा वाचली, आणि त्या दिवशीची जिलेबी मी मागून घेतली.

इथे हे पत्र संपायला हवे होते. परंतु काल मी पेन्शनच्या दाखल्यासाठी शाळेत गेलो असता इंग्रजीच्या नव्या मॅडम पाटीपुढे थांबल्या आणि हसल्या. हेडक्लार्क पुढे येऊन वाचू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी शिपाईबाईंना हाक मारली.

"पाटी तुमीच आणली न्हवं? बघून घ्यायची न्हाई व्हय?"

"आवं साहेब, मला कुठलं इंग्रजी? दिली ती आणली."

"काकांनी बरोबरच दिलं असणार! सातवी नापास माणसाला पाठवल्यावर दुसरं काय व्हायचं?"

व्हरांड्यातले सगळे हसले. बाई पदराला हात पुसत राहिल्या आणि एकदाच त्यांनी माझ्याकडे पाहिले.

हे पत्र आपल्याला पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती, सर. मी ती काढली नाही.