जेडच्या पानांवरचा मध

२ मार्च
पद्मिनी माहेरी तामसीला, भावाकडे गेली. ताप उतरत नव्हता. मी म्हटलं, हवामानाचा आहे, जाईल. तर रागावली. जाताना म्हणाली, "माझी झाडं पाहा. बाकी काही नको." खिडकीतले सक्युलंट, ही जाड पानांची झाडं, तिने एकेका पानापासून वाढवलेत. सोपं काम. उद्यापासून रोज पाणी.

५ मार्च, सकाळ
त्यातल्या जेडच्या झाडाच्या पानांवर थेंब! चिकट. चाटून पाहिलं, गोड. झाड इतकं खूश की मध देतंय. फोनवर तिला सांगितलं, झाडं मजेत. तापाचं विचारायचं राहिलं. रेंज खराब.

९ मार्च
मुंग्या. साहजिक आहे, गोड आहे ना! पानांच्या बेचक्यात कापूसही अडकलाय. आदिलाबादेत कापूस कुठे उडत नाही? शेजारची हर्षाली म्हणाली, "काका, कीड तं नाही पडली?" हसलो. पाणी वाढवलं.

१२ मार्च
सगळ्या कुंड्या जवळजवळ ठेवल्या. एकट्या कुंडीला करमत नसेल. घरात फार शांत वाटतं.

१५ मार्च
मेहुण्याचा, यशवंतरावांचा फोन. टायफॉइड होता. नागपूरला अ‍ॅडमिट केलं होतं, आता बरी आहे. मला कळवलं नाही! विचारलं तर म्हणाले, "ताईच म्हणे, नका सांगू." जेवण गेलं नाही. तिला माझी काळजी, दुसरं काय.

१९ मार्च
पद्मिनी आली. किती वाळलीय. तब्येतीचं विचारणारच होतो, पण ती थेट खिडकीशी गेली. पान उलटलं. खाली पांढरे किडे, गच्च. सगळ्याच कुंड्यांत.
"हा चिकटा हाये. आमच्या कापसावर बी पडते. किडे रस पितात अन् हे गोड पाणी हागतात."
चाटल्याचं बोललो नाही.
"तुमाले दिसलं काऊन नाही?"
म्हटलं, थेंब छान चमकत होते.
"मी तापानं फणफणत होती, तवा बी तुमी म्हणत होते, चेहऱ्यावर तेज आलं."
जेड फेकलं. बाकीची झाडं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पिशवीत भरली. कपड्यांचीही बॅग भरली. खाली ऑटो थांबलेलाच होता.
विचारलं, मीही येऊ तामसीला?
तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी हात धुवा."
साबण लावून नीट धुतले. बाहेर आलो तर ऑटो गेलेला.
शेवटच्या बसची घाई असणार.