हात धरू का?

गुडगाव, नोव्हेंबर १९९८

अंशुमन,

करोल बागेत गणपतीच्या मंडपामागे मी तुला विचारलं होतं, "हात धरू का?" किती हसला होतास! मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. पेशंटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे ट्यूटरबाईंनी अंगात भिनवलं होतं. मग तूही माझ्या खांद्यावर डोकं ठेवताना "परमिशन है?" म्हणायचास. अजून हसू येतं, यार.

तुझ्या आईंनी मात्र नको म्हटलं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणारी सून त्यांना नको होती. तू गप्प बसलास.

त्या आता आमच्या या नव्या, काचेच्या हॉस्पिटलात माझ्याच वॉर्डात आहेत. सकाळी मी विचारलं, "आई, पाठ पुसू का?" त्यांनी मला ओळखलं, माझा हात घट्ट धरला आणि खूप रडल्या. तेव्हाच्या नकाराबद्दल जे बोलल्या, ते तू ऐकायला हवं होतंस.

शेवटी म्हणाल्या, "अंशुमनला सांगू नकोस."

दुपारी तू त्यांना भेटायला आलास आणि मला विचारलंस, "कशी आहे आई?" मी म्हटलं, "बऱ्या आहेत. थोडं जेवल्या."

हे पत्र टाकणार नाही. त्यांच्या पहिल्या नकारापुढे तू गप्प बसलास, या नकारापुढे मी बसते. फरक इतकाच, की पेशंटचं "नको" पाळणं माझं काम आहे.

तेव्हाची तुझी,
वृंदा