गुड्डीची बकरी

अड्याळ,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भूपेंद्रदादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. हलक्या धानाची कापणी सुरू झाली, त्यामुळे माझा वर्ग अर्धा रिकामा असतो. वहिनीचा गुडघा कसा आहे?

काल फोनवर तू म्हणालास, "मायाच शाळेची बदनामी करून राहिली तू. थे पान काढ, नाही त भाऊबीजेले येऊ नको." मी फोन ठेवला. रडत रडत भांडणं मला जमत नाही, लिहून जमतं.

माझ्या प्रबंधातलं ते पान निघणार नाही, दादा.

परक्या भाषेत मुलं बोलायला कशी लागतात, एवढाच माझ्या पीएचडीचा विषय. साकोलीला तुझ्या शाळेत पाचवीच्या वर्गात बसले, तेव्हा मुलं टपाटप इंग्रजीत उत्तरं देत होती. मला तुझा अभिमान वाटला. मग तेच प्रश्न मी विचारले, पण क्रम बदलून, शेवटचा आधी. आवडता प्राणी कोणता विचारलं, तर जवळपास साऱ्या वर्गाने आपापलं नाव सांगितलं. साहेब तपासणीला येणार म्हटलं की घोकून घेतात, तसं तुम्ही माझ्यासाठी घोकून घेतलं होतं.

शाळेचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. तुला बोचतंय ते वेगळंच, आणि फोनवर मीही ते टाळलं. त्या वर्गात एकच मुलगी गप्प होती. आपली गुड्डी, तुझीच लेक. तिला कच्ची ठरवून तू नागपूरच्या वसतिगृहात धाडायला निघाला आहेस.

उन्हाळ्यात ती माझ्याकडे होती. मी म्हटलं, जे सांगायचं ते आधी आपल्या बोलीत सांग. म्हणाली, "आत्या, बकरीनं तुयी ओढणी खाल्ली, मंग दिवसभर खोकलत होती." मग तेच इंग्रजीत सांगितलं, अडखळत, चुकत, पण शेवटपर्यंत. शाळेत काहून बोलत नाहीस, विचारलं. "तिथं बाई सांगते तेवढंच बोला लागते. मले त बकरीचं सांगाचं होतं."

तेच त्या पानावर आहे. पोरगी कच्ची नाही, दादा. तिला कोणी विचारलंच नाही.

भाऊबीजेला मी येणारच. ताट घेऊन दारात उभी राहीन, पाट मांडायचा की नाही ते तू बघ. ओवाळणीत मला पैसे नकोत, साडी नको. माझ्यासमोर गुड्डीला एक प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही. आणि तिचं संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

तुझं न ऐकणारी, तरी तुझीच बहीण,
दीपमाला