जुन्या ताण्याची टोकं

बाबा, तुम्हाला लिहायचं तीन वर्षांपासून ढकलत आलो. कधी पेन नव्हतं, कधी गाडी सुटायला आली होती, कधी नुसतंच नको वाटलं. आज लिहून राहिलो तेही धड कागदावर नाही. दिवाळीच्या सुट्ट्यांत म्युझियममध्ये येणाऱ्या पोरांसाठी ‘शोधा पाहू’ म्हणून एक पान छापलंय. दालनात फिरून एकेक वस्तू शोधायची आणि तिच्या चित्रापुढे खूण करायची. त्या पानाच्या पाठीवर लिहितोय. पुढच्या बाजूला वाघ आहे, तलवार आहे, आणि सगळ्यात खाली तुमचा माग. आज सोमवार, म्युझियम बंद, दालनात मी एकटा. पाचला म्युझियमच्या मॅडम येणार आहेत. तोवर माझं काम झालेलं नसलं तर मागावर तुम्ही ठेवलेलं ते वीतभर कापड त्या कापून टाकायला लावतील.

मी इथं कसा, हे आधी सांगतो. रायपूरची गाडी पकडायला निघालो होतो. वाटेत तर्री-पोहे खायला थांबलो आणि खाता खाता समोरच्या फाटकावरचा बॅनर वाचत बसलो. मुखवटे रंगवा, मातीचे प्राणी करा, जुन्या वस्त्रांचं प्रदर्शन पाहा, सहकुटुंब या. खाली बारीक अक्षरात, सुट्टीपुरती मदतीला माणसं पाहिजेत. पोहे संपले तेव्हा गाडी गेलेली होती. तुम्ही म्हणायचे ना, “याले पाणी आणाले धाडलं तं हा विहीर पाहून येते.” तसंच झालं. माग इथंच आहे हे मला माहीत होतं. तीन वर्षं पाहायला आलो नव्हतो, एवढंच.

पाहिला तेव्हा आधी हसूच आलं. इथं फरशी खणता येत नाही म्हणून पाय सोडून बसायच्या खड्ड्याऐवजी खाली लाकडी मंच केलाय, आणि तुमचा माग वर चढून बसलाय, लग्नातल्या नवरदेवासारखा. प्रताप नगरचा एक पोट्टा परवा बापाला विचारत होता, “पप्पा, हा पलंग आहे का?” बाप म्हणाला, “हाव, राजाचा असंल.”  मागावर वीतभर कापड तसंच होतं, मळकं पांढरं, मरून काठाचं. शेवटचं लुगडं उतरवून दिल्यावर तुम्ही नेहमीसारखं मागावर ठेवलेलं. माग उघडा ठेवायचा नाही. नवा ताणा आला की त्याचा एकेक उभा धागा या जुन्या टोकांना जोडायचा आणि ओढून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक धागा आपल्या आपल्या घरातून, फणीच्या आपल्या फटीतून बरोबर पुढे येतो. तुम्ही नव्या ताण्याची वाट पाहत होता. तो आला नाही.

आता आलाय. उद्यापासून घरंच्या घरं येणार, पोरांनी स्वतः धोटा फेकून दोन बोटं विणून पाहायचं, म्हणून मॅडमनी उमरेडहून रंगीत ताणा मागवलाय. शनिवारी त्या म्हणाल्या, “ही जुनी टोकं काढून टाकू या. किती कळकट झालीत.”

“मॅडम, टोकं गेली तं माग गेला. मग एकेक धागा पुन्हा हातानं ओवावा लागते, आणि आमच्या गल्लीत ते करणारं आता कोणी नाही.”

“मग जोड ना. येतं तुला?”

“येते.”

“सोमवारी पाचपर्यंत होईल?”

“होते.”

मॅडम म्हणाल्या, “नाही झालं तर मी कापून साफ करून घेईन हं. भोवती दोरी लावून नुसता पाहायला ठेवू आणि पोरांना पुठ्ठ्याचे माग देऊ. लोक मनीषनगर-बेशावरून पोरं घेऊन येणार, त्यांच्यापुढे मला अर्धवट काही मांडायचं नाही.” बाई वाईट नाहीत. मीच ‘येते’ म्हणालो. आणि बाबा, मला येत नाही. एक धागासुद्धा मी कधी जोडलेला नाही.

मी फक्त द्यायचो. आठवते का, नवा ताणा आला की शाळेला दांडी. मी मागाच्या मागच्या बाजूला बसलोय, एक जुनं टोक आणि एक नवं टोक वेगळं काढून तुमच्या बोटांपुढे धरतोय. तुम्ही करवंटीत बोट बुडवता, दोन्ही टोकं चिमटीत धरता, पिळता, सोडता. माझं लक्ष छपरावरच्या पालीकडे. “धागा,” तुम्ही म्हणता. मी देतो. “धागा.” मी पुन्हा पालीकडे. मग गुडघ्यावर टिचकी बसते. आत स्वयंपाकघरात आई चुलीतली राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळून राहिली आहे. जाडी राख भांडी घासायला परातीत, बारीक राख बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, त्याचं झाकण एका बाजूनं चेपलेलं. मला वाटायचं, हिला दुसरा धंदा नाही. तुमच्या करवंटीत पांढुरकं काहीतरी असायचं. ते काय, हे मी कधी विचारलं नाही. पाहिलं मात्र दर वेळी.

म्हणून मी आज कॅरमची पावडर घेऊन आलो. हिरवी डबी, पांढरी भुकटी, बोटाला लावली की मऊ. सकाळपासून पिळतोय. धागा चिमटीत धरतो, पिळतो, हलका ओढून पाहतो आणि तो सुटतो. दुसरा, सुटतो. मूठभर धागे जोडून झाले असं वाटलं, ओढले तर अर्धे माझ्या हातात आणि अर्धे फणीत. थुंकी लावून पाहिली. मातीकामाच्या टेबलावरची ओली माती लावून पाहिली, तर धागा काळा झाला. जुनी टोकं दर खेपेला थोडी तुटतात. आणखी किती वेळा तुटू शकतात ते मला दिसून राहिलं आहे.

आणि एक गोष्ट अशी झाली की त्यानंतर हात चालेनासाच झाला. उरलेल्या टोकांचा जुना गुंडाळा सोडला तर आत दोन बांबूच्या कामट्या निघाल्या. सगळे धागे एक वर एक खाली असे ओळीनं त्यांत अडकवलेले, एकही जागा सोडून गेलेला नाही. कामट्यांना जांभळी पट्टी बांधलेली. ताईच्या लग्नातली आईची साडी, तिचा काठ. आणि गाठ आईची, जिचं एक टोक बाहेर ठेवलेलं असते आणि एका झटक्यात सुटते. आपल्या घरात दुसरं कोणी तशी गाठ मारत नव्हतं.

तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेल्यावर काय झालं. मी पोचलो तेव्हा आईनं माग म्युझियमला देऊन टाकला होता. खड्डा बुजवून वर फरशी लावलेली, नवी, थंड. मी आईला विचारलं, काहून दिला? ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “तुले माग पाहिजे होता, का पाय पसराले जागा? दोन्हीतलं काही तं तू कधी मागितलं नाही.” मी निघालो तो निघालोच. ती आता बेशाला ताईकडे राहते. सणाला फोन करतो, जेवली का विचारतो, ठेवतो. मला वाटलं होतं, तिनं तुम्हाला घरातून काढलं. आणि माग न्यायला माणसं आली त्या दिवशी ती, एकटी, साडीचा काठ फाडून एकेक धागा जागेवर बांधत बसली असणार. कोणीतरी कधीतरी पुन्हा जोडंल म्हणून.

दुपारी ताईला फोन केला. “ताई, बाबा धागे जोडताना बोटाले काय लावत होते वं?”

“मले काय माहीत? मी कधी बसली मागापाशी? आईले विचारू?”

“नको. मी म्युझियमात मागापाशी आहे हे तिले सांगूच नको.”

“अजून फुगूनच राहिला का रे तू,” म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी धाग्यांना हात लावला नाही. कबूल करून टाकतो, हे पानही त्याचसाठी लिहायला घेतलं. तुमची आठवण आली हे खरं, पण भीती वाटली हे त्याहून खरं. लिहीत बसलं की काही तुटत नाही.

आत्ता चौकीदार आला होता. “ए भाऊ, बाहेर एक बाई आहे. आज बंद आहे सांगतलं तं म्हणते, मी पाहाले नाही आली, कामाले आली.”

आई आली आहे, बाबा. ताईनं सांगितलंच असणार. दारात चपला काढून, देवळात शिरावं तशी. मागाकडे तिनं पाहिलं नाही, आधी हिरवी डबी पाहिली.

“कॅरम खेळून राहिला का रे इथं?”

मी डबी बाजूला सारली. तिनं पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला, चेपलेलं झाकण नखानं उघडलं. आत राख, मैद्यासारखी, तुमच्या करवंटीत असायची तीच.

“ही अजून आहे?”

“चूल गेली म्हणून डबा काहून टाकायचा?” एवढं बोलून ती हात धुवायला नळावर गेली. तेवढ्यात हे चार शब्द लिहून राहिलो. पाच वाजायला फार वेळ नाही. हे पान खिशातच राहील. नळ बंद झाला. ती तुमच्या जागेवर बसली नाही, ती माझ्यासाठी सोडली. मागच्या बाजूला, माझ्या जागेवर बसली आहे, आणि जुनं टोक न् नवं टोक वेगळं धरून म्हणून राहिली, “धागा.”