नाताळचा दाट पेला

१४ डिसें.
डावा हात आता बरा चालतो. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, पण माझंच. उजवा मांडीवर पडून असतो.
सकाळचा चहा. म्हणजे खळ, साडीला घालतात तसली. स्ट्रोकपासून पातळ काही गिळायचं नाही. घोट चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया, म्हणून कपाकपात ती दाट करायची पावडर. आणि घोटाघोटाला ह्यांचं, "लीला, आ म्हण." आवाज ओला, घरघरता आला की घोट चुकला समजायचं, कप परत. जन्मभर शाळेत पोरांकडून बाराखडी घोकून घेतली. आता मीच.

१७ डिसें.
दवाखान्यात डॉक्टरांकडे. गिळण्याची टेस्ट नाताळ झाल्यावर, तोवर दाटच. मी विचारलं, आणि प्रभुभोजन? डॉ. ह्यांच्याकडे बघू लागले.
दर नाताळला चर्चमध्ये पहिल्या बाकावरून, प्रभूचं रक्त म्हणून देतात तो द्राक्षरसाचा पेला घेतलाय. यंदा पाळक घरी आणणार. तो एक घोट मला पातळ हवा. मग वर्षभर खळ पाजा.

१९ डिसें.
रूथ बेंगळुरूहून आली. लेक आली की घर भरतं. करंज्यांना बसली. सारण फार कोरडं. सांगायला गेले तर जीभ अडखळली. "हो आई, हो," म्हणाली. काही कळलं नव्हतं तिला. राग आला, रडूही.
शेजारच्या शांतक्का दारातून, "ऊट आतेन्री, अक्का?" जेवण झालं का विचारतात बिचाऱ्या. काय सांगू? पाजून झालं म्हणू?

२२ डिसें.
हे फोनवर पाळकांशी हळू आवाजात. ऐकलंच मी. "पेल्यात थोडी पावडर घालू, चालेल ना?"
भडकले. प्रभूच्या रक्तालाही खळ? तोंडातून अर्धंच आलं, पण ह्यांना पुरलं. म्हणाले, "प्रभू समजून घेईल. मला तू हवी आहेस." मी तोंड फिरवलं.
दिवसभर अबोला. आ सुद्धा म्हटलं नाही. भीती मलाही वाटते, पण ती ह्यांना कशाला दाखवू.

२५ डिसें.
रूथने दारावर चांदणी लावली. संध्याकाळी पाळक आले. प्रार्थना. टेबलावर दोन पेले, एक पातळ, एक दाट. "बाई, तुम्ही ठरवा," म्हणाले. हे माझ्याकडे बघेनात.
थेरपिस्टबाईंनी शिकवलंय तशी हनुवटी छातीला लावली. पातळ घेतला. गोड. घसरला. कुठे गेला, कळलं नाही.
"आ म्हण."
"आ."
"परत."
आवाज कोरडा! रूथ रडायलाच लागली.
दाट पेला उरला. आशीर्वाद मागितलेला, मोरीत कसा ओतायचा? ह्यांनी उचलला नि तोंडाला लावला. इतके दिवस ढवळून ढवळून मला पाजलं, स्वतः कधी चाखलं नव्हतं. गिळता गिळेना. कसाबसा उतरवला. मग म्हणाले, "असं असतं होय, लीला."
इतके दिवस जपून ठेवलेला राग गेला माझा. फार जीव तुटला ह्यांच्यासाठी.

२६ डिसें.
उठले तेव्हाच घसा खरखरत होता. बोलले नाही. पण "आ" लपत नाही, ओला आला. ह्यांनी परत म्हणायला लावलं. परत. रूथ गाडीची किल्ली शोधतेय.
हे चहा घेऊन आले. दोन कप, दोन्ही दाट. मी बघतच राहिले. "नाताळ आहे, एकटी कशाला पितेस," म्हणाले. मग, "थांब. आधी ताप बघू."
थर्मामीटर उजव्या काखेत. तो हात मला दाबून धरता येत नाही, म्हणून ह्यांनी धरलाय. दुसऱ्या हातातला कप निवतोय, पीत नाहीत.
थर्मामीटर अजून वाजला नाही.