कोनाड्यातल्या केहिंदेचा मध

आई,

मी पुन्हा दवाखान्यात चालले आहे. साखरेची तपासणी उपाशीपोटी असते, हे ओरडून सांगितलं होतं ना? तरी काल दारात अडवून तोंडात मध कोंबलातच! वर म्हणे, "जुळी पोटात असताना आमच्या घरची बाई तोंड गोड केल्याशिवाय बाहेर पडत नाही!" डॉक्टरीणबाई माझ्यावरच उखडल्या. आपल्या इग्बो-ओरा गावात घरोघरी जुळी असतील, पण साखर चढायचा धोकाही जुळ्यांतच जास्त.

जुळ्यांसाठी म्हणून तुम्ही आणलेला ऊस शेजारी देऊन टाकलाय. माझ्या नवऱ्याचा, ताइवोचा, जुळा भाऊ केहिंदे वारला तेव्हा तुम्ही त्याच्या जागी कोरून घेतलेल्या, कोनाड्यातल्या लाकडी बाहुलीपुढे मधाची बरणी ठेवली आहे. त्या केहिंदेला हवा तेवढा भरवा, मी कधी अडवलंय? पण मला माझ्या दोघांना मांडीवर घेऊन भरवायचंय, कोनाड्यात नाही.

अबेनी