धैर्यशील आता गात नाही

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

आज त्याला रडवलं. बोटही न लावता.

चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, लोक उस्ताद म्हणतात. इथं वहीत तो नुसता 'तो'. माझा नवरा धैर्यशील, गझलेतलं मोठं नाव. पावसाळ्यात मेंदूत गुठळी झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळतं मात्र सगळं. मला तेच हवंय.

दुपारी पलंगाशी बसून त्याचीच ती गझल गायले — लेक गमावलेल्या बापाची. त्याच गझलेनं तो देशभर गाजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं नाही.

६ नोव्हेंबर

पुन्हा गायले. सुगत ऑफिसातून लवकर आला, दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मम्मी, आप गाती भी हो? पापा को कितना सुकून मिलता होगा." इथंच वाढलेल्या लेकाला मराठी कळतं, उत्तर हिंदीतच. हो म्हटलं. सुकून!

सुगतला कुठून माहीत असणार? लग्नाआधी नागपूरला रेडिओवर गायचे मी. इथं उत्तरेत याच्या घरी आल्यावर याचं एकच वाक्य — घरात एक गळा पुरे.

९ नोव्हेंबर

आमची लेक अबोली गेली तो दिवस.

डेंग्यू झाला होता. कॉलेजात जाणारी पोर. प्लेटलेट्स उतरत होत्या आणि मी दुबईला फोन लावत होते. एकदाच उचलला. "शैला, हॉल फुल्ल आहे. मी येऊन काय रक्त बनवणार?" दोन्ही मैफली उरकून आला. तोवर आम्ही तिला भैंसाकुंडच्या स्मशानात पोचवून आलो होतो.

वर्षाच्या आत ती गझल आली. प्रत्येक मैफलीत आधी थांबायचा, मग हळू आवाजात सांगायचा — शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. लोक रुमाल काढायचे. मला पहिल्या रांगेत बसवलेलं असायचं. मी तिची आई, आणि मी गप्प.

आज त्याच्या कानाशी वाकले. म्हटलं, "आता तुम्ही ऐका. तिचा हात माझ्या हातात होता. ती पप्पा कधी येणार विचारत होती." मग गायले. सगळे शेर.

१४ नोव्हेंबर

वरचा सा लागला. स्वच्छ! किती वर्षांनी.

१८ नोव्हेंबर

हिमानी त्याला बोलायला शिकवायला येते. महिनाभर 'पानी' म्हणवून घेतेय, नुसती घरघर. आज लवकर आली. मी गात होते आणि तो माझ्या पाठोपाठ गुणगुणत होता. मध्येच गझलेतला एक शब्द आला. साफ.

ती जागीच उभी राहिली. मग समजावलं — बोलण्याची जागा मेंदूत दुखावलीय, गाण्याची शाबूत आहे. गाता गाता शब्द परत येतात. "आंटी, आप जो कर रही हैं, वही इलाज है. बंद मत कीजिएगा."

 मी त्याला छळत होते, आणि तो बरा होत होता.

१९ नोव्हेंबर

गायले नाही. तो दिवसभर दाराकडे बघत होता.

२२ नोव्हेंबर

आजही नाही. वाचा आली की पुन्हा स्टेज, पुन्हा तेच — तिचा हात माझ्या हातात होता. नाही. मुकाच राहू दे.

सुगत विचारतो, गाणं का थांबवलं? तेलीबागेच्या बाजारातून भाजी घेऊन येताना रिक्षात आपोआप सूर आला ओठांवर. दाबला. मग लक्षात आलं, गळा पुन्हा माझाच दाबला जातोय. पुन्हा त्याच्यामुळे.

२५ नोव्हेंबर

गायले. त्याचा सूर मागोमाग आला, अर्धी ओळ बरोबर धरली. आजवर त्याच्या खालच्या पट्टीत गात होते. आज पट्टी चढवली, माझ्या गळ्याची. तिथं त्याचा आवाज पोचेना. धडपडला, थांबला.

मग ऐकत राहिला. आमच्या संसारात पहिल्यांदा.